पाठ करून बसा, पाव्हणं जेवतंय

गंगव्वा मावशींचं नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. शेवटाला ठेवलं तर जागा संपली म्हणून संपादक ते कापतील, आणि मला रुखरुख लागून राहील. कॉलेजला असताना मी सोलापुरात गंगव्वा मावशींच्या खानावळीत जेवलो. त्या नसत्या तर पहिल्याच महिन्यात ट्रंक उचलून गावी, मैंदर्गीला परत गेलो असतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर व्हायचं राहून गेलं असतं, आणि आज जो धंदा करतो तोही केला नसता. हा धंदा नेमका काय, हे माझ्या वडिलांना अजून नीट उमगलेलं नाही. तेव्हा आधी तेच सांगतो.

माझं माशांच्या टाक्यांचं छोटं दुकान आहे. टाक्या, पंप, रंगीत खडे, माशांचं खाणं असं सगळं विकतो. पण निम्मं काम दुकानाबाहेर असतं. कुणाच्या घरी नवीन प्राणी आला आणि तो कोपऱ्यात तोंड घालून बसला, काही खाईना, की मला फोन येतो. मी जातो, जागा बघतो, उजेड, ऊब, पाणी बघतो, आणि तो प्राणी त्या घरात रुळेपर्यंत जात-येत राहतो. आजार असेल तर तो जनावरांच्या डॉक्टरांचा विषय. माझा विषय रुळण्याचा.

मैंदर्गीच्या बाजारात दोरखंड विकण्यात वडिलांचं आयुष्य गेलं. त्यांनी एकदा विचारलं, "म्हंजे तू करतोस काय?"

"नवीन आलेल्या प्राण्यांना जेवायला लावतो."

"त्येला बी.एस्सी. लागतंय व्हय? आपली म्हस काय शिकल्याली माणसं चारत हुती?"

त्यांना वाटतं, मी खरं काय करतो ते लपवून ठेवलंय.

या कामात एक गोष्ट मात्र पक्की कळली. आमच्या सोलापुरात पाळलेले प्राणी उपासमारीनं मरत नाहीत, आग्रहानं मरतात. एक बाई टाकीतल्या गोल्डफिशना रोज सकाळी चपाती कुस्करून घालायच्या. पाणी ताकासारखं झालं होतं. मी म्हटलं, चिमूटभर दाणे पुरेत.

"अवो, पण तोंड उघडून मागत्यात की ते!"

मासा श्वास घेण्यासाठी तोंड उघडतो, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी जरा विचार केला. "खरंय. आमचे हे बी तोंड उघडं टाकून झोपत्यात, म्हणून मी काय भरवते व्हय?" असं म्हणून त्या स्वतःच पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धीच चपाती घालू लागल्या.

आता सरड्यांकडे येतो, कारण लिहायचं आहे ते एका सरड्याबद्दल. रंग बदलणारा, शेपटीचं वेटोळं करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा तो घोयरा. आपल्या रानातला घोयरा पाळायला कायद्यानं बंदी आहे. केम गावाहून एक शेतकरी बोरीवर सापडलेला घोयरा टॉवेलात गुंडाळून दुकानात घेऊन आले होते. "पाळताव का? लई गरीब हाय." मी वन खात्यात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, धडधाकट असेल तर जिथून आणला तिथंच सोडा. शेतकऱ्यानं टॉवेल परत काखेत घेतला आणि जाता जाता मला विचारलं, "येताना तसाच आणला. आता जाताना तिकीट काढावं लागंल काय ह्येचं?"

परदेशी जातीचे घोयरे कागदपत्रं करून पाळता येतात. मी ते विकत नाही. लोक दुसरीकडून आणतात आणि तक्रारी माझ्याकडे घेऊन येतात. एक गृहस्थ पिंजरा घेऊन आले आणि म्हणाले, "फसवलं मला. डुप्लिकेट सरडा हाय. मरून रंगाच्या सोफ्यावर बसवला, तरी हिरवाच!" मी सांगितलं, घोयऱ्याचा रंग त्याच्या मनासारखा बदलतो, तुमच्या सोफ्यासारखा नाही. घाबरला, चिडला, गारठला की काळवंडतो. मन शांत असलं की हिरवा राहतो. ते एकदम खूश झाले. "म्हंजे सोफा पसंत पडला म्हणायचा!"

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. मल्लिनाथकाका आणि सुनंदाकाकूंचं प्रकरण मात्र तसं नव्हतं.

मल्लिनाथकाका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात दोघंच. मुलगा नागेश पुण्यात नोकरीला. कंपनीनं त्याला परदेशात पाठवलं, तेव्हा तो जाण्याआधी गाडी घेऊन आला आणि आपला घोयरा आईवडिलांकडे ठेवून गेला. उंच जाळीचा पिंजरा, दिवे, रातकिड्यांचा डबा, नोंदणीचे कागद, सगळं व्यवस्थित. घोयरा येमेनकडच्या जातीचा, डोक्यावर उंच तुरा. नाव पिक्सेल. काकूंना ते नाव काही जमलं नाही. त्या त्याला 'पाव्हणं' म्हणायच्या.

मला फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. दार काकूंनीच उघडलं.

"या, डॉक्टर."

"डॉक्टर नाही, काकू. बी.एस्सी."

"तेच की."

हॉलच्या मधोमध टीपॉयवर पिंजरा. वर पंखा फुल्ल. समोर सोफ्यावर चार शेजारणी सिनेमा बघायला बसल्यासारख्या बसलेल्या. पिंजऱ्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं. आत एका फांदीला घट्ट धरून घोयरा बसलेला, रंग करपलेल्या भाकरीसारखा.

"आला तवा कसा हिरवागार हुता," काकू म्हणाल्या. "घरात पहिल्यांदा आलं म्हणून मी ओवाळलं. निरांजन जवळ न्हेलं तसं फुगलं, काळंठिक्कर पडलं आणि फुसकन अंगावर आलं. तवापासनं तोंडात काय घेतलं न्हाई. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या बी उतरल्या."

"खायला काय दिलंत?"

"मटकी भिजवून दिली. काकडी दिली. दशमीला शेंगाची चटणी लावून दिली. तिखट न्हवती, मुद्दाम कमी केलती."

"आणि रातकिडे?"

काका खाकरले. "बाल्कनीत हायत. आमच्या घरात अंडं बी येत न्हाई, डॉक्टर. पण पाव्हण्याचं पथ्य पाव्हण्याला, असं ठरवलंय आमी दोघांनी. फक्त डबा उघडायचं धाडस हुईना."

मी कामाला लागलो. घोयरा झाडावर राहणारा प्राणी. त्याला माणसं आपल्या खाली दिसली तर धीर येतो, वरून कुणी वाकलं की ससाणा आला असं वाटतं. म्हणून पिंजरा हॉलच्या शांत कोपऱ्यात उंच कपाटावर चढवला. पंख्याचा झोत टाळला. फांद्यांवर जास्वंदीची आणि मनी प्लांटची पानं दाट केली, म्हणजे त्याला लपता येईल. घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणून सलाईनची नवी नळी वरून सोडून थेंब थेंब पाणी पानांवर पडेल असं केलं. सोलापूरच्या कोरड्या हवेत सकाळ-संध्याकाळ इस्त्रीवाल्याच्या बाटलीनं फवारा मारायला सांगितला. रातकिडे एका खोलगट वाटीत पानांच्या मध्ये ठेवले. आणि सगळ्यांना हात जोडून सांगितलं, आता त्याच्याकडे बघायचं नाही.

काकूंनी मला चहाला म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं. तिथं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नागेशचा फोन आधी कधी यायचा ठाऊक हाय का? सणाला. तो बी ह्यांच्याकडं, दोन मिनिटं. आता रोज संध्याकाळी येतो, व्हिडिओ लावून. 'पिक्सेल जेवला का?' म्हणून का हुईना, पोराचं तोंड दिसतं. मी रोज खोटं सांगते, जेवला की, पोटभर. त्येनं बजावलंय, खाईना झाला तर सांग, पुण्याचा मित्र येऊन घिऊन जाईल. हे गेलं की फोन बी गेला, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही हे सांगायचं त्या वेळी राहून गेलं.

पुढच्या खेपेला दार उघडंच होतं. आत काका स्टुलावर चढलेले. एका हातानं जाळीचं दार धरलेलं, दुसऱ्या हातात सांडशी, सांडशीत रातकिडा. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले होते आणि तोंडानं चाललं होतं, "खा रे बाळा, एकच खा, माझ्यासाठी खा." खाली काकू स्टूल धरून उभ्या होत्या. "पुढं करा की हात! असं लांबनं कोण खातंय?" घोयरा पिंजऱ्याच्या पार मागच्या टोकाला जाऊन काळा झाला होता.

"काका, बघायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मी कुटं बघायलोय? डोळे मिटल्यात की!"

मग मी घरातलीच मोठी सोलापुरी चादर मागून घेतली आणि पिंजऱ्याला तीन बाजूंनी गुंडाळली. म्हटलं, आता दोघंही आतल्या खोलीत बसा, त्याला एकटं सोडा. काकूंचा चेहरा पडला. "पाव्हणं एकटं जेवणार आणि आमी आत जाऊन बसायचं? ही कुटली रीत?" तरी गेल्या बिचाऱ्या. पण तिसऱ्या खेपेला बघितलं, तर चादरीचा एक कोपरा हाताळून हाताळून चुरगळला होता. काकू दर थोड्या वेळानं येऊन तो उचलायच्या, आणि आतून घोयऱ्याचा एक डोळा वळून काकूंकडे बघायचा. दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होते.

मी पुण्यातल्या, असे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांना फोटो पाठवले. ते म्हणाले, पाणी पितोय हे चांगलं, पण डोळे आत जाऊ लागलेत. जबरदस्तीनं भरवू नका. अजून थोडी वाट बघा, नाहीतर इकडे घेऊन या. एवढ्या उन्हात, अशा अशक्त जिवाचा पुण्यापर्यंतचा प्रवास. मला ते पटत होतं आणि नकोही होतं.

त्या दुपारी दुकानात डबा उघडला. शेजारचा टेलर नेहमीप्रमाणे गप्पा मारायला आला, समोर बसला आणि माझ्या डब्यात बघत म्हणाला, "आज काय बे भाजी?" घास हातातच राहिला. मला कुणी जेवताना बघितलं की अजूनही तसं होतं. आणि एकदम गंगव्वा मावशींची खानावळ आठवली.

मैंदर्गीत आमच्या बोलण्यात मराठी आणि कानडी एकाच ताटात असते. खानावळीतल्या पहिल्याच जेवणाला वाढणारा पुढं आला आणि मी म्हणालो, "भाकरी बेडा." बेडा म्हणजे कानडीत 'नको'. लांब बाकावर बसलेली सगळी पोरं खो खो हसली. त्या दिवसापासून माझं नाव 'बेडा' पडलं. मी ताटावर बसलो की कुणीतरी म्हणायचं, "बेडा, भाकरी पाहिजे का बेडा?" मग मी मान खाली घालून अर्धी भाकरी गिळायचो आणि उठायचो. नको म्हणायची सोय नव्हती आणि हवी म्हणायची हिंमत नव्हती. रात्री ट्रंकेकडे नजर जायची.

एके दिवशी गेलो तर चुलीजवळच्या कोपऱ्यात ज्वारीची दोन पोती उभी केलेली, आणि माझं ताट त्या पोत्यांमागे मांडलेलं. मावशी चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसलेल्या. पोरांना रागावल्या नाहीत, मला समजावलं नाही, अजून वाढू का म्हणून विचारलंही नाही. पण माझ्या ताटातली भाकरी संपली, की मागं वळून न बघता उलट्या हातानं दुसरी ताटात यायची. मी खाल्लं. त्या दिवशी आणि त्यानंतर रोज पोटभर खाल्लं. पुढं कधीतरी मी आपणहून ताट उचलून बाकावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पोती तिथं नव्हती.

मला वाटायचं, पोती उंदरांमुळे हलवली असतील.

मी डबा तसाच झाकला आणि जुळे सोलापूरला गेलो. मी त्या दोघांना चुकीचं सांगितलं होतं. पाहुण्याला एकटं टाकणं त्यांना जमणार नव्हतं, आणि डोळ्यांत डोळे घालून आग्रह केला तर पाहुणा खाणार नव्हता. मी चादर काढून टाकली. हॉलमध्ये कपाटापासून लांब सतरंजी घातली.

"काकू, आत जायचं नाही. इथंच बसायचं, सोबतीला. पण पाठ करून."

"पाव्हण्याकडं पाठ?" काका दचकले.

"भाकऱ्या थापायला बसल्यासारखं बसायचं. आपल्या कामात."

काकूंनी मात्र लगेच मान हलवली. त्यांनी सुपात शेंगा घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून फोडायला बसल्या. काकांनी पेपर उघडला. मीही भिंतीकडे तोंड करून बसलो. तिघांच्या पाठी कपाटाकडे. एखाद्या घरात भांडण झाल्यावर बसतात तसे आम्ही बसलो होतो. पहिल्या दिवशी काही झालं नाही, पण जाताना हळूच बघितलं तर अंगावर कुठं कुठं हिरवं दिसत होतं. मग दोघं रोज तसे बसू लागले. एका संध्याकाळी मीही गेलो होतो. शेंगा फुटत होत्या, नळीतून थेंब पडत होते. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांनी तो उचलून सुपाला टेकवून उभा केला. पडद्यावर नागेश.

"आई? तुम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून का बसलाय? बाबा, भांडलात का? आणि हे कोण?"

"गप बस," काकू कुजबुजल्या. "पाव्हणं जेवायलंय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. क्षणभरानं ऐकू आलं. ओल्या पानावर बोट मारल्यासारखं, 'टप्'. घोयऱ्याची जीभ त्याच्या अंगाएवढी लांब असते आणि ती गोफणीसारखी सुटते. मग कुरकुरीत चावल्याचा आवाज.

"एक खाल्ला," काकू म्हणाल्या. मान तसूभरही वळली नव्हती. "आता दुसऱ्याकडं बघतंय. व्हय... व्हय... घेतला!"

काकांनी पेपर तोंडावर धरला. फोनमधून नागेश म्हणाला, "आई, म्हणजे तो आजवर जेवतच नव्हता?"

"न्हवता," काकू म्हणाल्या. "मी खोटं सांगत हुते."

मी मनात म्हटलं, आता पुण्याचा मित्र येणार. मग नागेशचा आवाज आला, अगदी हळू, पाहुण्याला त्रास होऊ नये असा. "बरं. आणि तू काय केलंयस आज जेवायला?"

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, आई."

काकूंनी एक शेंग फोडायला घेतली आणि ती बराच वेळ फोडली. मग भाजी सांगितली, आमटी सांगितली, वांगं किडकं निघालं तेही सांगितलं. तो ऐकत होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काकू, तुम्ही एकदाही वळला नाहीत. मग तो कुणाकडं बघतोय ते कसं कळलं?"

त्यांनी हनुवटीनं समोरच्या फळीकडे खूण केली. फळीवर स्टीलचे डबे होते, घासून लख्ख केलेले. त्यातल्या मोठ्या डब्यात कपाट, पानं, आणि पानांत एक इवलासा हिरवा ठिपका दिसत होता.

"पाठ केली म्हणून लक्ष सोडायचं व्हय, डॉक्टर?"

मी त्या डब्याकडेच बघत राहिलो होतो.

गंगव्वा मावशींनी खानावळ कधीच बंद केली. आता त्या सीमेपलीकडच्या गावात लेकीकडं असतात. ऐकायला येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. पण पत्र लेक वाचून, हातवारे करून सांगते. त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

*तीर्थरूप गंगव्वा मावशी यांस,*

*बसवराजचा शिरसाष्टांग नमस्कार. मैंदर्गीचा बसू. खानावळीतला बेडा म्हटलं तर लवकर ओळखाल.*

*मी कुठल्या ऑफिसात आहे असं तुम्ही गेल्या भेटीत विचारलं होतं आणि मी नुसताच हसलो होतो. मावशी, मी ऑफिसात नाही. नव्या घरात जे जीव जेवत नाहीत त्यांना जेवतं करतो. त्यासाठी बी.एस्सी. लागते का, असं वडील विचारतात. थोडी लागते. बाकीचं मी तुमच्याकडून घेतलं आणि स्वतःचं म्हणून खपवतो आहे.*

*इथं एका घरी परदेशातला सरडा आला होता. कोणी बघितलं की खायचा नाही. तुमच्यासारखं पाठ करून बसलो, तेव्हा खाल्लं त्यानं. आता सुनंदाकाकू म्हणून आहेत, त्यांच्या हातचंसुद्धा खातो. काकू डोळे मिटून घेतात, तो उघडे ठेवतो.*

*एक विचारायचं आहे. तुमच्या चुलीमागं भिंतीला तुम्ही राखेनं घासून लख्ख केलेल्या थाळ्या ओळीनं उभ्या करून ठेवायचा. सगळ्या सरळ, कोपऱ्याजवळची एक तेवढी वाकडी. मी एकदा ती सरळ करायला गेलो, तर तुम्ही पिठाच्या हातानं माझं मनगट धरून म्हणालात, "बेडा, असू दे." मला वाटलं, मला हाक मारलीत. पोरांसारखं तुम्हीपण तेच नाव घेतलं म्हणून मी दोन दिवस रुसलो होतो.*

*परवा लक्षात आलं. तुम्ही हाक मारली नव्हती. नको म्हणाला होतात.*

*आणि ती थाळी वाकडी नव्हती. माझ्याकडं वळवलेली होती.*

*तुमचा,*
*बसू*